‘एन’ किती, मॅडम?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपण सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांचे पत्र छापलेत. पुण्याच्या आयटी कंपनीत डेटा सायन्सचे काम करणाऱ्या मुलांशेजारी खुर्ची टाकून बसायचे, ती काय बोलतात ते वहीत उतरवायचे आणि त्यावर पीएचडी मिळवायची, हा प्रकार त्यांना फुकटखाऊ वाटतो. तिथे काय आदिवासी राहतात का, असेही त्यांनी विचारले आहे. संशोधन करायचे तर मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांसारखे करावे, वारीत चालावे, रानोमाळ हिंडावे. संगणकापुढे बसलेल्या माणसात बघण्यासारखे काय असते, आकडे तर खोटे बोलत नाहीत, असा एकूण सूर. पत्र खुसखुशीत होते, मीही हसले. पण मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि अगदी हेच फुकटखाऊ काम मी केलेले आहे. तेव्हा उत्तर द्यायचा हक्क मला पोहोचतो असे धरून लिहिते.

इरावतीबाईंचे नाव त्यांनी काढले ते बरेच झाले. बाई वारीत चालल्या हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, त्या बर्लिनमध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली माणसांच्या कवट्या मोजत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकात युरोपीय वंशाच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा सापडेल, अशी गुरूंची अपेक्षा होती. बाईंच्या मोजमापांतून तसे काही निघेना आणि तसे त्यांनी प्रबंधात लिहूनही टाकले. मोजपट्टी हातात घेणाऱ्याच्या मनात आधीपासून काय असते, याचा अनुभव डेक्कन कॉलेजात येण्यापूर्वीच त्यांच्या गाठीशी होता. आज त्या असत्या तर हिंजवडीला गेल्या असत्या की नाही ते मला माहीत नाही, पण मला हसल्या नसत्या एवढी खात्री आहे.

आदिवासींचा मुद्दा तर फारच जुना झाला. दुबळ्यांच्या झोपड्यांत डोकावणे पुरे, ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्याकडेही बघा, असे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लॉरा नेडर यांनी १९७२ साली आपल्याच व्यवसायबंधूंना सुनावले. त्याच दशकात फ्रेंच अभ्यासक ब्रूनो लातूर (आडनाव असेच आहे, आपल्या लातूरचे नव्हेत) कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. मला जवळच्या वाटतात त्या मानववंशशास्त्रज्ञ डायना फोर्साइथ. कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘एक्स्पर्ट सिस्टिम’, म्हणजे तज्ज्ञासारखा सल्ला देणारी संगणकप्रणाली, बनवणाऱ्या अमेरिकन प्रयोगशाळांत त्या १९८० आणि ९०च्या दशकांत वावरल्या. त्यांना तिथे एक गंमत दिसली. कोड लिहिणे, सिस्टिम बांधणे एवढ्यालाच ती मंडळी काम समजत. बैठका, फोन, कुणाला समजावून सांगणे, हे सगळे कामात धरायचेच नाही. मी ज्या टीममध्ये बसले तिथेही संध्याकाळी हेच ऐकू यायचे, ‘आज काहीच काम नाही झालं, दिवसभर मीटिंगच.’ या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

कोविडनंतर ऑफिसे पुन्हा भरू लागली तेव्हाची गोष्ट. शिष्यवृत्ती मला नव्हती. कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली होती, तेव्हा करदात्यांनी निश्चिंत असावे. आत शिरायलाच फार वेळ गेला. कंपनीच्या वकिलांनी करारावर सही घेतली. ग्राहकांचा तपशील लिहायचा नाही, पडद्याचा फोटो काढायचा नाही, कंपनीचे नाव कुठेही छापायचे नाही. मला ते रास्तच वाटले. पँट्रीच्या दाराशी एक खुर्ची मिळाली. सुरुवातीला मुले मला एचआरने बसवलेली हेर समजत होती. मी जवळ गेले की हेडफोन चढायचे. वहीत काय लिहायचे हा मोठाच प्रश्न होता. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्कीला पॅसिफिकमधल्या बेटांवर निदान होड्या, याम नावाच्या कंदांच्या राशी, जादूटोणा असे काहीतरी डोळ्यांना दिसत होते. माझ्या सुरुवातीच्या नोंदी अशा आहेत: ‘दहा ते अकरा. सगळे टाइप करत आहेत. अकरा ते साडेअकरा. सगळे टाइप करत आहेत.’

हळूहळू कळले की या कामाला बोलके कोपरे आहेत. सकाळचा स्टँडअप, म्हणजे उभ्याउभ्या उरकायची छोटी बैठक. एकाने लिहिलेला कोड दुसरा तपासतो तेव्हा बाजूला लिहिलेले शेरे. लिफ्ट. आणि सगळ्यात जास्त, रस्त्यापलीकडची चहाची टपरी. मी ‘मॅडम’ची ‘ताई’ झाले ती तिथेच.

या मंडळींचा अभ्यास करताना एक अडचण येते ती गावात येत नाही. त्यांना पद्धतीबद्दल तुमच्यापेक्षा ठाम मते असतात. टीम लीडने पहिल्याच ओळखीत विचारले, ‘एन किती, मॅडम?’ म्हणजे नमुना केवढा. मी म्हटले, एक टीम. ‘एन इक्वल टू वन? मग जनरलाइज कसं करणार?’ मी सांगितले, तुमच्याकडे कर्जदारांच्या लाखो ओळी आहेत, त्या ज्या खोलीत ठाकठीक होतात ती खोली मला बघायची आहे, आणि खोली एकच आहे. तो हसला, पण पटले नव्हते. दुसऱ्या एकाने मोठ्या मायेने सुचवले की तुमच्या सगळ्या मुलाखती द्या, टॉपिक मॉडेल (मजकुरातले विषय आपोआप वेगळे काढणारी संगणकप्रणाली) चालवतो, दुपारपर्यंत थीम्स काढून देतो. संमतिपत्रात ते बसत नव्हते म्हणून राहिले. नाहीतर मलाही बघायचे होते काय निघते ते.

आता त्या खोलीत काय दिसले ते सांगते, कारण अभियंता महोदयांचा खरा आक्षेप तिथेच आहे.

टीमकडे एका वित्तसंस्थेचे काम होते. दुचाकीच्या कर्जासाठी येणाऱ्या अर्जांना गुण द्यायचे, म्हणजे कोण हप्ते बुडवील याचा अंदाज बांधायचा. जुन्या कर्जांच्या नोंदींवरून शिकून असा अंदाज बांधणाऱ्या संगणकप्रणालीला ही मुले मॉडेल म्हणतात. एका बैठकीत पडद्यावर अर्जदारांच्या जन्मतारखांचा आलेख आला. वर्षाच्या सगळ्या तारखा साधारण सारख्या उंचीच्या, आणि दोन ठिकाणी एकदम उंच सुळके. पहिला सुळका १ जानेवारीचा. तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. तारखेचा रकाना रिकामा राहिला की कितीतरी संगणकप्रणाली तिथे आपल्या मनाने १ जानेवारी १९०० किंवा १ जानेवारी १९७० टाकून मोकळ्या होतात. दुसरा सुळका १ जूनचा होता. लखनौची एक हुशार मुलगी तो आलेख मांडत होती. तिचे म्हणणे, इतकी माणसे एकाच तारखेला जन्मत नाहीत, दलालांनी घाऊक बनावट अर्ज भरले असावेत. म्हणून तिने १ जूनवाल्यांपुढे ‘संशयास्पद’ अशी खूण करणारा एक नवा रकाना सुचवला. तिचा तर्क बिनचूक होता. ‘एनी कमेंट्स?’ असे तिने विचारलेही. कुणी काही बोलले नाही. बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

आपल्या वाचकांना एव्हाना हसू आले असेल. टपरीवर पोचल्यावर बीडकडचा एक मुलगाही असाच हसत सुटला. ‘ताई, माझ्या बापाची एक जून, चुलत्याची एक जून, आईची पण एक जून. सगळं घर बनावट निघालं की!’ घरी जन्मलेल्या, जन्माची नोंद नसलेल्या पोराला शाळेत घालताना गुरुजींनी वय जुळवून जून महिन्याची पहिली तारीख टाकली, ही महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची कहाणी आहे. माझ्या वडिलांचीही तारीख तीच.

मी त्याला विचारले, मग आत का नाही बोललास? त्याने दिलेली उत्तरे मी तशीच उतरवून घेतली आहेत. मीटिंग इंग्रजीत होती. तिच्याकडे आलेख होता, माझ्याकडे काय प्रूफ, माझा बाप? आणि थोडे थांबून, आपल्या आईबापाला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही हे क्लायंटसमोर कशाला सांगायचं.

पुढे त्याने तिच्या टेबलाशी जाऊन हळूच सांगितले. ती मुलगी खरोखरच चांगली. तिने लगेच वयाप्रमाणे वाटणी करून पाहिली. पन्नाशीच्या पुढच्या अर्जदारांत १ जूनवाले भरमसाट, पंचविशीतल्यांत जवळजवळ नाहीतच. दलालांचा उद्योग असता तर असा उतार दिसला नसता. तिने तो रकाना काढून टाकला. कोडमध्ये त्याची खूण म्हणून एकच शेरा उरला, ‘ड्रॉप्ड, नॉट यूजफुल’. उद्या कुणी तज्ज्ञांनी हे मॉडेल तपासायला घेतले तर त्यांना हा शेरा दिसेल. अशिक्षित आईबापांच्या पोटी, घरी जन्मलेल्या ज्येष्ठ माणसांना कर्ज महाग पडता पडता राहिले, ते एका मुलाने लाज बाजूला ठेवून टपरीवर तोंड उघडले म्हणून, हे त्यांना कुठून कळणार?

सगळ्याच गोष्टी टपरीवर सुटत नाहीत. ‘हप्ते बुडवणारा’ कुणाला म्हणायचे, हे मॉडेलला आधी शिकवावे लागते. बँकिंगच्या नियमाप्रमाणे हप्ता ९० दिवस थकला की कर्ज बुडीत खात्याकडे वळते. पण या वित्तसंस्थेची बरीच कर्जे नवी होती. नव्वद दिवस थकलेली माणसे फारच थोडी, आणि मॉडेलला शिकायला उदाहरणे भरपूर लागतात. म्हणून ३० दिवस उशीर झाला तरी ‘बॅड’ असे ठरले. तांत्रिकदृष्ट्या यात चमत्कारिक काही नाही, अनेक ठिकाणी असेच करतात. फक्त आमच्या ऊसपट्ट्यातल्या कुणालाही विचारा, हप्ता कधी भरता? कारखान्याचे बिल आले की. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात थकबाकीवरून दर हंगामात काय रामायण होते ते आपल्याच अंकात छापून येते. म्हणजे कारखाना उशीर करतो, शेतकऱ्याचा हप्ता पुढे जातो, बिल आल्यावर तो सगळा चुकता करतो, आणि मॉडेलच्या लेखी तो नि सहा महिन्यांत गाडीसकट पसार झालेला माणूस एकाच रांगेत उभे राहतात.

हा तीसचा आकडा ठरवला कोणी, याचा माग मी काढत राहिले. मॉडेल बांधणारी मुले म्हणाली, लीडने सांगितले. लीड म्हणाला, क्लायंटची इच्छा होती. क्लायंटचा माणूस म्हणाला, तुमच्याच टीमने सुचवले होते. तिघेही खोटे बोलत नव्हते असे माझे मत आहे. आकडा एका लांबलेल्या बैठकीत, दुसऱ्याच विषयावर बोलताना, ‘चला, थर्टी पकडू’ असा आला आणि बसला. तीच ती बैठक, जिच्यानंतर सगळे म्हणत होते की आज काही काम झाले नाही. अंतिम दस्तऐवजात त्याच्यापुढे लिहिले आहे, ‘इंडस्ट्री स्टँडर्ड’.

हे आमच्याकडेच होते असे नाही. समीर पासी नावाचे संशोधक अमेरिकेतल्या एका कंपनीच्या डेटा सायन्स टीममध्ये राहिले. सोलोन बारोकास यांच्याबरोबर २०१९ साली त्यांनी जे मांडले ते मला वाचताना ओळखीचे वाटले. मोटारविक्रेत्यांसाठी चांगले कर्ज-ग्राहक शोधून द्यायचे होते. हाताशी असलेल्या माहितीत काय बसते, यावर घासाघीस होत होत तो प्रश्न शेवटी ग्राहकाच्या क्रेडिट स्कोअरचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांचा, अंदाज बांधण्यावर येऊन थांबला. यात कुणी कपटी नव्हते. गूगलच्या संशोधकांनी २०२१ साली भारत, आफ्रिकेतले काही देश आणि अमेरिका इथल्या अशाच ५३ जणांशी बोलून लिहिले की त्यांतल्या ९२ टक्क्यांना मुळातल्या माहितीतल्या दोषांचा फटका बराच पुढे गेल्यावर बसला होता. मॉडेलचे काम सगळ्यांना हवे असते, माहिती गोळा करून नीट लावण्याचे काम कुणालाच नको असते, हे त्यांचे निरीक्षण मी कुठल्याही टपरीवर शपथेवर सांगायला तयार आहे.

‘आकडे खोटे बोलत नाहीत’ याबद्दल मात्र आमच्याच जिल्ह्यातल्या बुध गावच्या माणसाची साक्ष काढते. पां. वा. सुखात्मे. शेतातले नमुन्याचे तुकडे कापून उत्पन्न मोजण्याचा पीक कापणी प्रयोग आज गावोगाव होतो त्याची घडी १९४०च्या दशकात बसत होती. तेव्हा प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये शेतातले अगदी लहान तुकडे कापून उत्पन्नाचा अंदाज काढत. सुखात्म्यांनी हरकत घेतली. तुकडा लहान असला की कापणारा नेमका कडेवर आलेले रोप आत धरतो, आणि लहान तुकड्यात कडच जास्त असते. त्यामुळे उत्पन्न फुगून दिसते. दोघेही थोर संख्याशास्त्रज्ञ होते आणि वाद जोरदार झाला. मला त्यातले भावते ते हे की गणित शेवटी कापणाऱ्याच्या हाताशी येऊन अडले. आता पीकविम्यात उपग्रहावरून काढलेल्या अंदाजांनाही वजन मिळू लागले आहे. त्या मॉडेलांची पारख पुन्हा कापणी प्रयोगाच्याच आकड्यांवर होते. म्हणजे बांधावर कृषी सहायक, विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि शेतकरी यांच्यात त्या दिवशी काय बोलणे झाले, हे उपग्रहाच्या युगातही कुणीतरी जाऊन बघायला लागणारच.

माझ्या विभागातल्या काही सहकाऱ्यांना माझे काम दुसऱ्या बाजूने खुपते. तू कंपनीच्या एसीत बसून त्यांच्यासारखी झालीस, शिव्या घालायच्या सोडून त्यांना समजून घेत बसलीस, असे त्यांचे म्हणणे. असेल. पण ती मुले मला खलनायक वाटली नाहीत, तर तसे लिहू कशी? कित्येकांच्या घरून शेतीचे, कर्जाचे फोन यायचे. आपण बनवतोय त्या मॉडेलमध्ये आपला काका नापास होईल हे कळण्याइतकी ती शहाणी होती. शुक्रवारची डेडलाइन आणि नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड यांच्यामध्ये किती गोष्टी रेटून धरायच्या, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. शिवाय ती मी लिहिलेले वाचतात! १ जूनचा प्रसंग मी त्या लखनौच्या मुलीला दाखवला, तेव्हा ‘एनी कमेंट्स’ असे तिने विचारले होते हे मी ठळक लिहावे, असा तिने आग्रह धरला. वर वाचलेत ते तिच्या आग्रहावरूनच.

खासगी कंपनीत मला कुणी दारात उभे केले ती एका व्यवस्थापकाची मर्जी. सरकारी कामात ती मर्जी नको, हक्क हवा. शेजारच्या तेलंगणात संगणकाने वेगवेगळ्या नोंदी जुळवून अपात्र ठरवलेली लाखो रेशनकार्डे रद्द झाली आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की जागेवर जाऊन पुन्हा तपासा. आपल्याकडेही लाभार्थी निवडण्यासाठी, विम्यासाठी, पोलिसांसाठी अशा प्रणाली विकत घेतल्या जात आहेत. अभियंता महोदयांना बांधकाम खात्यातली एम.बी. चांगली ठाऊक असेल. रस्त्याची खडी किती इंच पडली, कोणी मोजली, कोणत्या तारखेला, कोणाची सही, हे त्या मोजमाप पुस्तकात असल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघत नाही. सॉफ्टवेअरच्या निविदेत अशी एम.बी. का नसावी? ‘अपात्र’ कुणाला म्हटले, तीसच दिवस का, साठ का नाहीत, कोणी सुचवले, कोणी हरकत घेतली, कोणता रकाना का काढला. रोजच्या रोज, मराठीत लिहिले तरी चालेल. आणि एम.बी.तली मोजणी वरिष्ठ जसे जागेवर जाऊन पडताळतात, तसे विद्यापीठातल्या एखाद्या संशोधकाला त्या टेबलाशी काही महिने बसू द्यावे. गोपनीयतेचे कारण पुढे करू नये. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी अटींसह वाट ठेवलेली आहे, आणि आम्हाला लोकांची नावे नकोच असतात.

अशा माणसाला नेट-जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीच्या दराने महिना ३७,००० रुपये द्यावे लागतील. ते फुकट जातात की नाही, हे अभियंता महोदयांनी एखादी एम.बी. स्वतः चाळून ठरवावे. मी माझा प्रबंध त्यांना पाठवायला तयार आहे. जाड आहे, पण टपरीचे प्रकरण लवकर वाचून होते.

माझे नाव मात्र छापू नये ही विनंती. नाव कळले की मी कुठे बसत होते हे शोधायला आयटीतल्या कुणालाही पाच मिनिटे पुरतील, आणि त्या टीममधली काही मुले अजून तिथेच नोकरीला आहेत. बीडचा मुलगा बंगळूरला गेला. तीस दिवसांचे ते मॉडेल बदलून नवे आले आहे असे ऐकते. नव्यात किती दिवस धरले आहेत, ते विचारले तर कुणाला नक्की सांगता आले नाही.

आपली,
समाजशास्त्राची एक प्राध्यापिका, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)